सँटोरिनीची लहान गटातली सहल: ठिकाणांची यादी नको, वेळापत्रक वाचा

सँटोरिनीच्या कुठल्याही सहलीची जाहिरात उघडा, यादी जवळपास सारखीच असते: ईया, फिरा, पिर्गोस, अक्रोतिरीचं उत्खनन, लाल किनारा, काळा किनारा, वाइनरी आणि शेवटी सूर्यास्त. यादी सारखी दिसते म्हणून नवखा माणूस किंमत पाहून निवडतो आणि तिथेच फसतो. या बेटावरची सहल चांगली होणार की धावपळीची, हे कुठलं ठिकाण किती वाजता पाहायचं यावर ठरतं. सकाळी साडेआठला ईयाच्या गल्ल्यांत निवांत चालता येतं. दुपारी बाराला त्याच गल्ल्यांत पुढच्या माणसाच्या पाठीखेरीज फारसं काही दिसत नाही. म्हणून हा लेख सगळा वेळेभोवती लिहिला आहे.

आधी बेट समजून घ्या

सँटोरिनी, म्हणजे ग्रीकांचं थिरा, हे एजियन समुद्रातल्या सायक्लाडीझ द्वीपसमूहाच्या दक्षिण टोकाचं बेट. इसवी सनापूर्वी 1600 च्या सुमारास इथे ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला. मधला भाग खचला, त्यात समुद्र शिरला आणि भोवतालची कड तेवढी शिल्लक राहिली. खचून पाण्याखाली गेलेला हा भाग म्हणजे कॅल्डेरा. बेटाचा पश्चिमेकडचा कडा त्यात जवळपास सरळ उतरतो, ठिकठिकाणी 300 मीटर. फिरा, फिरोस्तेफानी, इमेरोविग्ली आणि ईया ही प्रसिद्ध गावं या कड्याच्या माथ्यावर आहेत. पूर्वेकडे जमीन हळूहळू उतरत जाते. विमानतळ आणि कामारी, पेरिसा हे काळ्या वाळूचे किनारे त्या बाजूला.

टोकापासून टोकापर्यंत बेट जेमतेम 18 किलोमीटरचं आहे. नकाशा पाहून वाटतं, दोन तासांत सगळं होईल. तसं होत नाही, कारण रस्ते अरुंद आणि वळणांचे आहेत. मोठ्या बस समोरासमोर आल्या की एकीला थांबावं लागतं. फिरा ते ईया 11 किलोमीटर, एरवी 25 ते 30 मिनिटं. फिरा ते पिर्गोस 15 मिनिटं. फिरा ते अक्रोतिरी किंवा पेरिसा 25 ते 30 मिनिटं. अक्रोतिरीहून थेट ईयाला जायचं म्हणजे बेटाचं एक टोक सोडून दुसरं गाठणं; त्याला पाऊण तास धरा, आणि जुलै-ऑगस्टमध्ये त्याहून जास्त. हे चार आकडे लक्षात ठेवले तर कुठल्याही सहलीचं वेळापत्रक स्वतःच तपासता येतं.

कधी जायचं

महाराष्ट्रातल्या शाळांची उन्हाळी सुट्टी इथे चांगली जुळते. मे महिना आणि जूनचा पहिला पंधरवडा सहलीसाठी उत्तम: ऊन सोसवतं, दिवस मोठा असतो, सगळ्या वाइनरी आणि उत्खननं उघडी असतात. जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी आणि दर दोन्ही शिगेला पोहोचतात, शिवाय मेल्टेमी नावाचा उत्तरेचा कोरडा वारा सुटतो. तो कधी कधी इतका जोर धरतो की बोटींच्या फेऱ्या लांबतात किंवा रद्द होतात. सप्टेंबर छान. ऑक्टोबरचा पूर्वार्धही छान, पण दिवाळीच्या सुट्टीत जाणार असाल तर नीट चौकशी करा, कारण ऑक्टोबरअखेर हंगाम आवरायला लागतो. नोव्हेंबर ते मार्च बरीच हॉटेलं आणि भोजनालयं बंद असतात आणि लहान गटाच्या सहली मोजक्याच चालतात.

ऑर्थोडॉक्स ईस्टरची तारीख दरवर्षी बदलते. 2027 मध्ये ती 2 मे आहे. त्याआधीच्या शुक्रवारी संध्याकाळी पिर्गोस गावात गच्च्यांवर आणि भिंतींवर हजारो दिवे लावतात. तेव्हा तिथे असाल तर ते चुकवू नका, मात्र त्या आठवड्यातलं बुकिंग फार आधी करावं लागतं.

वार निवडतानाही एक काम करा. कुठल्या दिवशी किती क्रूझ जहाजं येणार याचं वेळापत्रक थिराचं बंदर प्रशासन आधीच जाहीर करतं. 2025 पासून दिवसाला 8,000 क्रूझ प्रवाशांची मर्यादा आहे. तरीही एका जहाजाचा दिवस आणि चार जहाजांचा दिवस यांत ईयाच्या गल्ल्यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. राहण्याचे दोन-तीन दिवस हाताशी असतील तर सर्वांत कमी जहाजांचा दिवस सहलीला द्या.

आणि बेटावर उतरण्याच्या दिवशी सहल ठेवूच नका. अथेन्सजवळच्या पिरेअसहून साधी फेरी साडेसात-आठ तास घेते, वेगवान बोट सुमारे पाच. वाऱ्यामुळे दोन्ही उशिरा येऊ शकतात. अथेन्सचं विमान पाऊण तासात पोहोचतं, पण तेही उशीर करू शकतं. तुमच्या उशिरासाठी गट थांबत नाही आणि पैसेही सहसा परत मिळत नाहीत.

जाहिरातीतला ‘लहान गट’ किती लहान

याची कुठलीही ठरलेली व्याख्या नाही. कोणी 8 जणांना लहान गट म्हणतं, कोणी 20 जणांना. चांगला आकडा 8 ते 14. कारण साधं आहे. इतकी माणसं एका मिनीबसमध्ये मावतात आणि ती गाडी मोठ्या बसना न मिळणाऱ्या जागी उभी राहू शकते. एम्पोरिओ गावाच्या जुन्या तटबंद वस्तीतले बोळ इतके अरुंद आहेत की 25 जणांच्या गटात मागच्या निम्म्या लोकांना गाइडचा शब्दही ऐकू जात नाही. ‘एका गाडीत जास्तीत जास्त किती’ एवढंच विचारू नका. ‘एका गाइडमागे किती’ हे विचारा. काही ठिकाणी दोन मिनीबस आणि दोघींना मिळून एकच गाइड असतो.

तुम्ही पाच-सहा जण असाल तर आधी हिशेब मांडा. गटाची सहल माणशी विकली जाते, खासगी गाडी आणि गाइड बहुतेकदा गाडीमागे किंवा तासावर. आजी-आजोबा आणि मुलं धरून सहा माणसं झाली की खासगी सहल तितक्याच पैशांत पडू शकते, आणि वेळापत्रक तुमच्या हातात राहतं.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. ग्रीसमध्ये पुरातत्त्वीय स्थळावर गाइड म्हणून माहिती सांगायला सरकारी परवाना लागतो. कमी दराच्या बऱ्याच सहलींमध्ये फक्त चालक असतो. तो गाडी चालवताना गोड बोलतो, गोष्टी सांगतो, पण अक्रोतिरीच्या दारापाशी तुम्हाला सोडून बाहेर थांबतो. आत तुम्ही एकटे. वाइनरी आणि गावं पाहायची असतील तर असा चालक पुरेसा आहे. अक्रोतिरी पाहायचं असेल तर ‘परवानाधारक गाइड आत आमच्यासोबत येणार का’ हा प्रश्न लेखी विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

वेळापत्रकाची वजाबाकी

समजा पाच तासांच्या सहलीत सात थांबे आहेत. प्रवासाला दीड ते पावणेदोन तास जातात. सगळ्यांना हॉटेलांजवळून गोळा करायला अर्धा तास. उरले पावणेतीन तास, म्हणजे दर थांब्याला 23 मिनिटं. त्यातली पाच मिनिटं गाडीतून उतरण्या-चढण्यात आणि पाच स्वच्छतागृहात. ही सहल नव्हे, ही फोटो काढायची शर्यत झाली.

प्रत्येक जागेला किमान किती वेळ लागतो ते असं: अक्रोतिरीचं उत्खनन सव्वा तास, ईया दीड तास, पिर्गोस किंवा एम्पोरिओ पाऊण तास, वाइनरी एक तास, लाल किनाऱ्याचा देखावा 20 मिनिटं. पाच तासांत यातल्या तीन जागा नीट होतात. चार करायच्या तर सहा-सात तासांची सहल घ्या. दोन गावं, एक उत्खनन आणि एक वाइनरी ही सर्वांत समाधानकारक जुळणी.

उन्हाळ्यातला चांगला क्रम असा: पावणेआठच्या सुमारास गाडीत बसायचं, साडेआठला ईया. जहाजांवरचे लोक साधारण दहानंतर तिथे पोहोचू लागतात, तेव्हा आपण निघायचं. मग वाटेत पिर्गोस. बाराच्या सुमारास, ऊन तापलं की, अक्रोतिरी. ते पूर्ण छपराखाली असल्यानं भर दुपारी पाहायला उत्तम. त्यानंतर समुद्राकाठी जेवण आणि शेवटी वाइनरी. हाच क्रम उलटा केला तर ईयाला बारा वाजता पोहोचाल, नेमकं गर्दीत आणि उन्हात.

दुपारी अडीच-तीनला सुरू होणाऱ्या सूर्यास्ताच्या सहलींमध्ये एक खाच आहे. अक्रोतिरीच्या वेळा ऋतूप्रमाणे आणि वाराप्रमाणे बदलतात. काही दिवशी ते दुपारीच बंद होतं, मग गाइड बाहेरून हात दाखवतो आणि पुढे नेतो. ज्या दिवशी जाणार त्याच दिवसाची वेळ ग्रीक संस्कृती मंत्रालयाच्या संकेतस्थळावर पाहा, मगच पैसे भरा.

पैसे भरण्याआधी काय विचारायचं

- अक्रोतिरीचं तिकीट दरात धरलं आहे का? बहुतेकदा नसतं. 2025 च्या दरानुसार ते 20 युरो आहे. प्रवेशाची वेळ ठरवून द्यावी लागते, म्हणून ते कोण काढणार हेही आधी ठरवा.
- वाइन चाखण्याचे आणि जेवणाचे पैसे वेगळे आहेत का?
- वाऱ्यामुळे किंवा पुरेशी माणसंच न जमल्यामुळे सहल रद्द झाली तर पूर्ण परतावा मिळतो का? काही सहली किमान चार जण जमले तरच निघतात.
- 24 तास आधी कळवलं तर मोफत रद्द करता येतं का?
- पिकअप नेमका कुठे? गावाचं नाव पुरत नाही, नकाशावरची खूण मागा.
- किती पायऱ्या, किती चढ? गुडघे दुखणाऱ्यांनी हे विचारलंच पाहिजे.

भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्यांनी मोफत रद्द करण्याची सोय नसलेलं काहीही व्हिसा हाती येण्याआधी घेऊ नये. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान 15 दिवस आधी करावाच लागतो. जून 2024 पासून प्रौढांचं शुल्क 90 युरो आहे, शिवाय अर्ज केंद्राची सेवा फी वेगळी. किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा. उन्हाळ्याच्या तोंडावर भेटीची वेळ मिळणं हेच अवघड असतं, म्हणून मेमध्ये जायचं तर जानेवारीतच हालचाल करा. सहल शेवटच्या आठवड्यातही मिळू शकते, व्हिसा मिळत नाही.

पिकअप: सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो

कड्यावरच्या गावांत गाडी जात नाही. ईया, इमेरोविग्ली, फिरोस्तेफानी आणि फिराचा कड्याकडचा भाग हे सगळं पायवाटांचं आणि पायऱ्यांचं जग आहे. ‘हॉटेलवरून पिकअप’ असं लिहिलं असलं तरी प्रत्यक्षात गाडी जवळच्या वाहनतळावर, बसथांब्यावर किंवा चर्चच्या चौकात येते. कड्याच्या पोटातल्या खोलीपासून तिथपर्यंत 100 ते 150 पायऱ्या चढाव्या लागू शकतात. आदल्या संध्याकाळीच ती वाट चालून पाहा, घड्याळ लावून. सकाळी ठरलेल्या वेळेच्या दहा मिनिटं आधी तिथे उभे राहा. चालकाला अरुंद रस्त्यावर थांबायला जागा नसते, पाच मिनिटांपलीकडे तो थांबू शकत नाही. सहल चालवणाऱ्यांचा मोबाइल क्रमांक सेव्ह असू द्या आणि रोमिंग किंवा ई-सिम चालू आहे ना ते बघा.

सोबत काय घ्यायचं: जाड रबरी तळाचे बूट, कारण गावांतल्या दगडी फरशा गुळगुळीत झालेल्या असतात आणि चपला घसरतात. हनुवटीखाली बांधता येईल अशी टोपी. नुसती ठेवलेली टोपी वारा कॅल्डेऱ्यात नेतो. माणशी एक लिटर पाणी. नळाचं पाणी मुख्यतः समुद्राचं खारेपण काढून केलेलं असतं आणि चवीला बरं लागत नाही, त्यामुळे बाटलीचंच घ्या. खांदे झाकायला एक ओढणी किंवा हलका शर्ट. चर्चमध्ये उघड्या खांद्यांनी जाऊ नये. पाच-दहा युरोंच्या सुट्या नोटा. गाडी लागत असेल तर गोळी निघण्याच्या अर्धा तास आधी घ्या, कारण अथिनिओस बंदराकडून कडा चढणारा नागमोडी रस्ता भल्याभल्यांचं पोट ढवळतो. आणि स्वच्छतागृहात कागद कमोडमध्ये टाकायचा नाही, शेजारच्या डब्यात टाकायचा. ग्रीसमधले सांडपाण्याचे पाइप अरुंद असतात आणि तुंबतात.

अक्रोतिरी: जिथे गाइडचे पैसे वसूल होतात

कांस्ययुगातलं हे आख्खं गाव ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं आणि म्हणूनच टिकलं. स्पिरिडॉन मारिनातोस यांनी 1967 मध्ये इथे पद्धतशीर उत्खनन सुरू केलं. 2005 मध्ये छपराचा भाग कोसळला, त्यानंतर काही वर्षं स्थळ बंद होतं आणि 2012 मध्ये नव्या छपराखाली पुन्हा उघडलं.

गाइडशिवाय आत गेलात तर मातीच्या रंगाच्या भिंती आणि मोठे रांजण, एवढंच दिसतं. लोक 20 मिनिटांत बाहेर येतात आणि ‘काही खास नाही’ म्हणतात. पाहायचं असतं ते असं: दोन-तीन मजली घरं, त्यांच्या खिडक्यांच्या चौकटी, भूकंपानं मधोमध दुभंगलेला दगडी जिना, रस्त्याच्या फरसबंदीखालून गेलेली सांडपाण्याची नाली आणि भिंतीतून तिच्यात उतरणारा नळ. त्रिकोणी चौकाशी थांबा आणि पश्चिम घर नावाच्या इमारतीकडे पाहा. लोकांनी उद्रेकापूर्वीच्या भूकंपांनंतर सामान बाहेर काढून ठेवलं होतं, याच्या खुणा गाइडला विचारा. आत्तापर्यंत इथे उद्रेकात सापडलेल्यांचे सांगाडे मिळालेले नाहीत. लोक गाव सोडून गेले होते.

भित्तिचित्रं मात्र इथे नाहीत, आणि याची निराशा होऊ नये म्हणून आधीच सांगतो. काही अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहेत, काही फिरातल्या प्रागैतिहासिक थिरा संग्रहालयात. फिरातल्या संग्रहालयात निळ्या माकडांचं चित्र आहे ते आवर्जून पाहा. शेपटीचा वर उचललेला इंग्रजी एस अक्षरासारखा बाक पाहून काही संशोधकांनी ही माकडं भारतीय उपखंडातली, म्हणजे आपली हनुमान लंगूर असावीत असं मांडलं आहे. तसं असेल तर साडेतीन हजार वर्षांपूर्वी इथल्या चित्रकाराला, थेट किंवा ऐकीव, आपल्याकडच्या वानराची माहिती होती. हे संग्रहालय बहुतेक सहलींत नसतं. सहल फिराला संपत असेल तर गाडीत परत न बसता तिथेच उतरा आणि एक तास द्या. साप्ताहिक सुट्टी कुठल्या वारी आहे ते मात्र बघून जा.

लाल किनारा अक्रोतिरीच्या अगदी जवळ आहे. कडा ठिसूळ आहे, दरडी कोसळतात, तशा पाट्या लावलेल्या आहेत. चांगला गाइड वरच्या जागेवरूनच दाखवतो. तिथे पोहायला सोडणारी सहल घेऊ नका.

वेली आणि वाइन

इथल्या द्राक्षबागा पाहून नाशिकच्या माणसालाही आधी ओळखू येत नाहीत. मांडव नाही, तारा नाहीत. वेल जमिनीलगत गोल गोल वळवून टोपलीसारखी विणतात, तिला कुलुरा म्हणतात. घड टोपलीच्या आत वाढतात, म्हणजे वाऱ्यानं आणि वाऱ्याबरोबर येणाऱ्या वाळूनं सालं फाटत नाहीत. पाऊस फार थोडा. समुद्रावरून रात्री येणारं धुकं ज्वालामुखीचे सच्छिद्र खडे धरून ठेवतात आणि वेली त्यावर जगतात. युरोपातल्या बागा उद्ध्वस्त करणारी फायलोक्सेरा कीड या मातीत तग धरत नाही, म्हणून इथली मुळं फार जुनी आहेत. थांबा द्राक्षांच्या शेतापाशी आहे की फक्त चाखण्याच्या गच्चीवर, हे विचारून घ्या. शेतात पाच मिनिटं खाली बसून ती विणलेली वेल जवळून पाहण्यात जास्त मजा आहे. तोडणी ऑगस्टमध्ये होते, त्यानंतर टोपल्या रिकाम्या दिसतात.

चाखताना तीन नावं येतात. असिर्तिको ही पांढरी, कोरडी, आंबटसर. निक्तेरी तिचाच अधिक भारदस्त प्रकार. विन्सांतो गोड आणि दाट. त्यासाठी द्राक्षं सुमारे दोन आठवडे उन्हात वाळवतात. सकाळी रिकाम्या पोटी सहा पेले चाखू नका, उन्हात ते लगेच डोक्यात जातात. थुंकण्याचं भांडं ठेवलेलं असतं, ते वापरणं अजिबात असभ्य नाही. घरात कोणी वाइन घेत नसेल तर बुकिंग करतानाच सांगा. ऐन वेळी सांगितलं की पैसे कमी होत नाहीत.

शाकाहारी माणसाचं काय

चिंता नको, फक्त नेमके पदार्थ मागा. इथला फावा हा डाळीचा घट्ट पदार्थ आहे, वर कांदा, केपर आणि ऑलिव्ह तेल. ही डाळ विदर्भातल्या लाखोळीच्या कुळातली आहे आणि या बेटावर प्राचीन काळापासून पिकते. तोमातोकेफ्तेदेस म्हणजे बेटावरच्या छोट्या टोमॅटोंची पुदिना घातलेली भजी. तळताना तव्यात किंवा तेलात दुसरं काही तळलं आहे का ते विचारा. पांढरी वांगी, ग्रीक सॅलड, पालक भरलेली पेस्ट्री हे बहुतेक ठिकाणी मिळतं. ‘मांस नाही’ म्हटल्यावर मासे चालतील असं समजलं जातं, म्हणून ‘मासे नाही, अंडं नाही’ असं वेगळं सांगा. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी सहलीतलं ठरलेलं जेवण न घेता स्वतःचा डबा बाळगलेला बरा. अम्मुदीसारख्या बंदरावर गट जेवायला थांबला तर तिथे मासळीच मुख्य असते, हे लक्षात ठेवा.

ईया आणि सूर्यास्त

सकाळी ईयात गेल्यावर निळ्या घुमटांची जागा गाइड दाखवतोच. घुमटांच्या आणि घरांच्या गच्च्यांवर चढू नका. ती लोकांची घरं आणि चालती चर्चं आहेत. पडक्या किल्ल्यापाशी जा, कड्याच्या पोटात राखेच्या थरात खोदलेली घरं बघा. 1956 च्या भूकंपात गावाची मोठी पडझड झाली होती, आज दिसतं त्यातलं बरंचसं नंतर उभारलेलं आहे.

सूर्यास्तासाठी मात्र ईया टाळा, असं आमचं स्पष्ट मत आहे. किल्ल्याच्या भिंतींवर लोक दीड-दोन तास आधी जागा धरतात, आणि सूर्य बुडाला की सगळ्या गाड्या एकाच वेळी निघतात. अक्रोतिरीच्या टोकाचं 1892 चं दीपगृह, पिर्गोसचा माथा किंवा इमेरोविग्ली निवडा. जूनअखेर सूर्य साधारण 8:35 ला मावळतो, मेच्या सुरुवातीला 8 च्या सुमारास, ऑक्टोबरच्या मध्याला पावणेसातला. सहल यानंतर किमान 15 मिनिटं थांबणार का ते बघा, कारण आकाशाचा रंग नंतरच खुलतो. दीपगृहापाशी कठडा नाही आणि वारा सोसाट्याचा असतो. मुलांचा हात धरून ठेवा.

बोटीची सहल जोडायची का

एकाच दिवशी नको. नेआ कामेनी या ज्वालामुखी बेटावर मुरमाड, सावली नसलेला चढ आहे. शेजारच्या पालेआ कामेनी बेटाच्या कोमट पाण्यापर्यंत बोटीतून उडी मारून पोहत जावं लागतं. पोहता येत नसेल तर बोटीतच बसा. पाण्यातल्या लोहामुळे फिके पोहण्याचे कपडे कायमचे तपकिरी होतात, जुने घाला. नेआ कामेनीचा शेवटचा उद्रेक 1950 मधला. 2025 च्या सुरुवातीला या भागात भूकंपांची मालिका झाली आणि हजारो लोक काही काळ बेट सोडून गेले, म्हणून निघण्याआधी सरकारी सूचना पाहण्याची सवय ठेवा. आपत्कालीन क्रमांक 112.

क्रूझवरून एकाच दिवसासाठी येणाऱ्यांसाठी

तुमचं गणित वेगळं आहे. जहाजाच्या स्वतःच्या सहलीचे प्रवासी बहुतेकदा आधी अथिनिओसला उतरवले जातात आणि तिथून बसनं निघतात. बाकीचे जुन्या बंदरावर उतरतात. तिथून फिरा गाठायला तीन मार्ग: केबल कार, सुमारे 590 पायऱ्या किंवा गाढवं. केबल कारचा प्रवास तीन मिनिटांचा आहे, पण रांग तासाभराची लागू शकते. पायऱ्यांवर गाढवांची लीद असते, पाय घसरतो. गाढवावर बसू नका. उन्हात दिवसभर माणसं वाहणारी ही जनावरं फार सोसतात.

म्हणून बाहेरची लहान गटाची सहल घेत असाल तर भेटीची जागा केबल कारच्या वरच्या स्थानकाजवळ ठेवा आणि वेळ जहाज नांगरल्यानंतर किमान दीड तासानं. तुम्ही उशिरा वर आलात तर गट थांबेल का, हे आधीच विचारा. जहाजांच्या वेळा सांभाळणारे आयोजक थांबतात. परतताना शेवटच्या टेंडर बोटीच्या, म्हणजे जहाजापर्यंत नेणाऱ्या छोट्या बोटीच्या, दोन तास आधी फिरात पोहोचा. खाली उतरायलाही रांग असते, आणि बाहेरच्या सहलीमुळे उशीर झाला तर जहाज तुमच्यासाठी थांबत नाही. रांग फारच लांब दिसली तर पायऱ्या उतरून जा, अर्धा तास पुरतो. मात्र बूट चांगले हवेत आणि भिंतीच्या बाजूनं चाला, म्हणजे गाढवांना वाट मिळते.